घर हवं होतं की परतावा?

६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीलगतच्या एका गृहप्रकल्पासाठी एक करार झाला. एका महिलेने विकासकाला ३५ लाख रुपये दिले आणि त्या बदल्यात तिच्या नावावर चार सदनिका दाखवण्यात आल्या. पण करारात आणखी एक कलम होतं. बारा महिन्यांच्या आत विकासकाने तिला १ कोटी रुपये दिले, तर चारही सदनिका त्याला परत घेता येणार होत्या. म्हणजे ३५ लाखांचे वर्षभरात १ कोटी. वर्ष उलटलं, पैसे आले नाहीत आणि दिलेले चेकही वटले नाहीत. तेव्हा तिने नादारी व दिवाळखोरी संहितेखाली त्या कंपनीविरुद्ध अर्ज केला. घरासाठी पैसे भरून अडकलेल्या ग्राहकांना हा मार्ग कायद्याने मोकळा करून दिलेला आहे.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १२ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की हा व्यवहार घर घेण्याचा नव्हताच. अर्जदार महिला ही सट्ट्याच्या अपेक्षेने पैसा लावणारी गुंतवणूकदार ठरली आणि नादारीचा मार्ग तिच्यासाठी बंद झाला. पैसे वसूल करण्याचे बाकीचे कायदेशीर उपाय तिला खुले राहिले, पण कंपनीला नादारीत खेचण्याची ताकद हातून गेली. सोबत ऐकलेल्या दुसऱ्या प्रकरणात २५ लाखांवर वर्षाला २५ टक्के परताव्याची हमी होती. तिथेही तोच निष्कर्ष निघाला.

न्यायालयाने या माणसांच्या मनात शिरून हेतू शोधला नाही. कागद वाचला. सदनिका किती आहेत, ताब्याची तारीख लिहिली आहे का, ताबा घेण्याऐवजी ठरावीक रक्कम घेऊन बाजूला होण्याची सोय आहे का, परताव्याचा दर बाजारभावाशी जुळतो का, हे तपासलं. बांधकाम व्यवसायात पैसा लावणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवायला हवा. सही करताना विकासक काय म्हणाला, चहा पिताना कोणता शब्द दिला, यातलं काहीही पुढे उपयोगी पडत नाही. तुम्ही घरखरेदीदार, सावकार, भागीदार की सहविकासक, ते कागदावरच्या कलमांवरून ठरतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा कायदा येतो.

घरखरेदीदाराला नादारी कायद्यात मानाचं स्थान मिळालं तेही सहज मिळालं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जेपी इन्फ्राटेक ही कंपनी नादारीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिच्या प्रकल्पांत घरासाठी पैसे भरून बसलेले २० हजारांहून अधिक लोक होते. कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या धनको समितीत बँका होत्या, पण या लोकांना तिथे जागा नव्हती. त्यांच्या पैशावर इमारती उभ्या राहत होत्या, तरी कायद्याच्या लेखी ते ना वित्तीय धनको होते ना माल पुरवणारे. न्यायालयात मोठा गदारोळ झाला आणि २०१८ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन घरखरेदीदारांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. विकासकांनी या दुरुस्तीला आव्हान दिलं. पायोनिअर अर्बन प्रकरणात ९ ऑगस्ट २०१९ रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ती वैध ठरवली. मात्र ज्याला घर नकोच आहे, फक्त नफ्यासह पैसे काढून घ्यायचे आहेत, अशा माणसाला हे हत्यार वापरू देऊ नये, असंही त्याच निकालात बजावलं. पुढे २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक अट आली. एकाच प्रकल्पातल्या किमान १०० किंवा एकूण संख्येच्या १० टक्के खरेदीदारांनी एकत्र येऊनच असा अर्ज करायचा. २०२५ चा निकाल ही याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात ‘इन्व्हेस्टर फ्लॅट’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन ठरलेली असते, नकाशे अजून मंजूर व्हायचे असतात आणि विकासकाला जमीनमालकाला देण्यासाठी, परवानग्यांसाठी रोकड हवी असते. बँक या टप्प्यावर हात आखडता घेते. मग ओळखीच्या मंडळींकडे निरोप जातो: प्रीलाँचचा रेट आहे, पुढे हाच रेट दीडपट होणार, एक मजला घेऊन ठेवा. पैसे दिले जातात आणि हाती पडतं ते कंपनीच्या लेटरहेडवरचं वाटपपत्र किंवा स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला सामंजस्य करार. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कागदांसाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. लाखोंचा व्यवहार त्या पाचशेच्या कागदावर उभा राहतो.

बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा रेरा कायदा लागू झाल्यापासून हा निरोप पाठवणंच मुळात बेकायदा आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याखेरीज जाहिरात, विक्री, आरक्षण काहीच करता येत नाही. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हे चालू आहे. नोंदणीनंतरही किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची असेल, तर आधी विक्री करारनामा करून तो नोंदवावा लागतो. आपल्याकडे १९६३ च्या मोफा कायद्यातही ही मर्यादा होती, तेव्हा ती २० टक्के होती. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे आणि ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायचे, हाही नियम आहे. प्रीलाँचचा पैसा या खात्याच्या बाहेरून येतो आणि बाहेरच्या बाहेर जातो. तो कुठे गेला हे विचारण्याचा धागा म्हणूनच हाती राहत नाही.

शहाणीसुरती माणसंही करार नोंदवत नाहीत, याचं कारण हिशेबात आहे. पुण्यात ८० लाखांची सदनिका घेतली तर पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये आणि वर ३० हजार नोंदणी शुल्क भरावं लागतं. वर्षभरात सदनिका दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं असेल, तर हे जवळपास सहा लाख वाया जातील असं गुंतवणूकदाराला वाटतं. विकासक सुचवतो, की करार कशाला करता, गिऱ्हाईक आलं की थेट त्याच्याच नावावर करून देऊ, फरक तुम्हाला मिळेल. इथे गुंतवणूकदाराचं नाव कुठल्याच सरकारी नोंदीत येत नाही. गिऱ्हाईक येतं, त्याचा करार होतो, फरकाचे पैसे मात्र विकासकाच्या दुसऱ्या प्रकल्पात अडकतात.

या अडचणीवर महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात वाट ठेवलेली आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही, याची खंत वाटते. विकासकाकडून घेतलेली सदनिका गुंतवणूकदाराने ठरावीक मुदतीत पुढच्या खरेदीदाराला विकली, तर पहिल्या करारावर भरलेलं मुद्रांक शुल्क दुसऱ्या व्यवहारात वळतं करून मिळतं. व्यवहारात याला ‘इन्व्हेस्टर क्लॉज’ म्हणतात. मुदत एक वर्षाची होती, ती २०२२ मध्ये तीन वर्षं करण्यात आली. वरच्याच उदाहरणात सदनिका दोन वर्षांनी ९५ लाखांना विकली तर ७ टक्क्यांनी ६ लाख ६५ हजार होतात. त्यातून आधीचे ५ लाख ६० हजार वजा केले, की नव्या खरेदीदाराला १ लाख ५ हजारच भरायचे उरतात. त्याचं शुल्क वाचतं आणि ते लक्षात घेऊनच विक्रीची किंमत ठरते. करारात या तरतुदीचा स्पष्ट उल्लेख मात्र असावा लागतो आणि करार पूर्ण शुल्क भरून नोंदवलेला असावा लागतो.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला तो अर्धा तास म्हणूनच मोलाचा आहे. दोन्ही बाजू समोर उभ्या राहतात, कॅमेऱ्यात फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, साक्षीदार ओळख पटवतात, दस्ताला क्रमांक पडतो आणि थोड्या वेळात इंडेक्स टू हाती येतो. त्या एका पानावर सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला आणि दोन्ही पक्षांची नावं असतात. उद्या तीच सदनिका विकासकाने दुसऱ्याला विकायची म्हटली, तर शोध घेणाऱ्या वकिलाला हे पान सापडतं. शिवाय रेरा कायद्यात एक मोठं संरक्षण आहे. विक्री करारनामा झाल्यावर विकासकाने ती सदनिका गहाण टाकली, तरी त्या गहाणाचा खरेदीदाराच्या हक्कावर परिणाम होत नाही. नोटरीच्या शिक्क्याला यातलं काहीच जमत नाही. नोटरी फक्त सही करणारा माणूस समोर होता एवढं सांगतो. मिळकतीवर हक्क सांगायला बिननोंदणीचा कागद अपुरा पडतो. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून पुढे करता येतो खरा, पण तो दावा दिवाणी न्यायालयात चालतो आणि तिथे वर्षं जातात.

रेरा कायद्याची ‘अलॉटी’ची व्याख्या पाहिली तर तिथे खरेदीदार स्वतः राहणार आहे का, असा प्रश्नच नाही. सदनिका ज्याला वाटप झाली, विकली गेली किंवा ज्याने ती नंतर विकत घेतली, तो अलॉटी. भाडेकरू तेवढा वगळला आहे. त्यामुळे भाड्याने द्यायला किंवा पुढे विकायला दुसरं घर घेणारा पुण्यातला निवृत्त शिक्षक, त्याचा करार सदनिकेच्या विक्रीचा असेल तर महारेराकडे तक्रार करू शकतो. ताबा लांबला तर पैसे परत मागू शकतो किंवा विलंबाचं व्याज घेऊ शकतो. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा २ टक्के जास्त आहे. ग्राहक मंचापुढे विकासक हटकून म्हणतो, की याने व्यापारी हेतूने घर घेतलं. एकाहून जास्त घरं घेतली म्हणून कोणी आपोआप व्यापारी ठरत नाही आणि तसा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी विकासकावर आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलेलं आहे. गुंतवणूक करणं हा गुन्हा नाही, दोषही नाही. घोळ होतो तो करारातून घर गायब झालं की. ताब्याची तारीख जाऊन तिथे परताव्याचा दर येतो, तेव्हा माणूस खरेदीदाराच्या रांगेतून बाहेर पडतो.

बाहेर पडून तो बहुतेक वेळा सावकाराच्या रांगेत जातो, आणि ही रांग सर्वांत असुरक्षित आहे. पुण्याने हे जवळून पाहिलं आहे. डी. एस. कुलकर्णी यांच्या उद्योगसमूहाच्या वेगवेगळ्या भागीदारी संस्थांमध्ये हजारो लोकांनी मुदत ठेवी ठेवल्या होत्या आणि त्यांत निवृत्तीची पुंजी गुंतवलेली ज्येष्ठ मंडळी पुष्कळ होती. व्याज थांबलं, मुद्दल मिळेना, तेव्हा २०१७ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी दांपत्याला अटक झाली. कंपनी पुढे नादारीच्या प्रक्रियेत गेली. ठेवीदारांचा लढा महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, म्हणजे ‘एमपीआयडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९९ च्या कायद्याखाली चालू राहिला. घरांचा हा व्यावसायिक पुणेकरांच्या ओळखीचा, नावाजलेला होता. ठेवीदारांपैकी अनेकांचा समज होता, की आपला पैसा घरांत लागला आहे म्हणजे तो विटा-सिमेंटच्या रूपात सुरक्षित आहे. पण ठेवपावतीवर कोणत्याही सदनिकेचा क्रमांक नव्हता. ठेवपावती म्हणजे विनातारण कर्जाचा पुरावा. तिच्यामागे कुठलीही भिंत उभी नसते.

२०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर केंद्राचा बंदी कायदा आहे. स्थावर मिळकतीच्या मोबदल्यापोटी घेतलेली आगाऊ रक्कम त्यात ‘ठेव’ मानली जात नाही, पण ती रक्कम करारानुसार त्याच मिळकतीच्या किमतीत वळती होणार असेल, तरच ही सवलत आहे. घराच्या नावाखाली पैसे घेऊन ते व्याजासकट परत देण्याची योजना लोकांपुढे मांडली, तर ती या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. अशा ठेवी स्वीकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘खात्रीशीर परतावा’ ही जाहिरात म्हणूनच गुंतवणूकदाराला धीर देणारी वाटली, तरी तीच त्याच्या व्यवहाराची सर्वांत कच्ची बाजू असते. गोव्यातला व्हिला असो की पुण्याजवळचं ऑफिस, दरमहा ठरलेली रक्कम देण्याचं वचन कोण देतं आहे, कोणत्या उत्पन्नातून आणि कशाच्या तारणावर, ही तीन उत्तरं करारात सापडली नाहीत तर ते वचन नुसतं शब्दांत राहतं.

तिसरा मार्ग भागीदारीचा. प्रकल्पाच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नात किंवा बांधलेल्या क्षेत्रफळात ठरावीक हिस्सा घेऊन काही जण पैसा लावतात. नफ्यात वाटा म्हणजे मोठी कमाई, असं त्यांना वाटतं. महारेराने २०१७ मध्येच स्पष्ट केलं, की क्षेत्रफळात किंवा उत्पन्नात वाटेकरी असलेला जमीनमालक अथवा गुंतवणूकदार हाही प्रवर्तकच, म्हणजे कायद्याच्या लेखी विकासकाच्याच रांगेतला. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं, की अशा वाटेकऱ्यांची नावं तिथे दिसतात. या स्थानाला जबाबदारीही चिकटलेली आहे. वाधवा ग्रुप हाउसिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं, की खरेदीदाराकडून एक रुपयाही न घेतलेला प्रवर्तकसुद्धा, दुसऱ्या प्रवर्तकाने घेतलेले पैसे परत करायला त्याच्यासोबत जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे वाट्याच्या आशेने आलेल्या गुंतवणूकदाराच्या दारात उद्या अनोळखी घरखरेदीदार वसुलीचा आदेश घेऊन उभा राहू शकतो. आपसातल्या करारात ‘बांधकामाची सर्व जबाबदारी विकासकाची’ असं लिहून ठेवलं, तरी ते त्या दोघांपुरतं. बाहेरच्या खरेदीदाराला ते बांधील नाही. अशा करारात विकासकाने नुकसान भरून देण्याचं कलम आणि त्यामागे ठोस तारण नसेल, तर गुंतवणूकदाराने सही करूच नये.

मोठे फंड हे सगळं कसं सांभाळतात ते पाहण्यासारखं आहे. २००५ मध्ये केंद्राने बांधकाम क्षेत्र थेट परदेशी गुंतवणुकीला खुलं केलं. अटी कडक होत्या: विकसित भूखंडांचा प्रकल्प किमान २५ एकरांचा किंवा बांधकाम किमान ५० हजार चौरस मीटरचं, आणि मूळ गुंतवणूक तीन वर्षं काढायची नाही. भागभांडवल घेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदाराला परताव्याची हमी मागता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्यामुळे अनेक फंड भागांऐवजी कर्जरोखे घेऊ लागले. त्यांचे करार शेकडो पानांचे असतात, पण गाभा साधा असतो. पैसा एकदम न देता बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने द्यायचा. जमिनीवर गहाण नोंदवायचं आणि कंपनी निबंधकाकडे त्याची बोजा म्हणून नोंद करायची. विक्रीचे पैसे एकाच देखरेखीच्या खात्यात यायचे आणि तिथून कोणाला आधी, कोणाला नंतर द्यायचे याचा क्रम लिहून ठेवायचा. ठरलेल्या भावाखाली सदनिका विकायची नाही, नवीन कर्ज काढायचं नाही, वास्तुविशारद बदलायचा नाही, यांतलं काही करायचं तर गुंतवणूकदाराची लेखी संमती घ्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, बाहेर कधी व कसं पडायचं हे आत शिरण्याआधी ठरवायचं.

आपल्याकडे नवं घर घेताना बँक ‘फंडाची एनओसी आणा’ म्हणते ती याच गहाणामुळे. ती एनओसी सदनिकेच्या क्रमांकासह लेखी मिळाली नाही, तर प्रकल्प बुडाल्यावर फंडाचा हात त्या घरापर्यंत पोहोचण्याची भीती राहते.

पण मोठ्यांचा करार कडक असला म्हणून तो स्वच्छ असतोच असं नाही. आम्रपालीच्या प्रकरणात हे उघडं पडलं. नोएडा आणि ग्रेटर नोएडात ४२ हजारांहून अधिक लोकांची घरं अडकवणाऱ्या या समूहात जेपी मॉर्गनच्या फंडाने २०१० मध्ये ८५ कोटी रुपये घातले होते. पुढे त्याचे भाग १४० कोटींना परत विकत घेतले गेले. घेणाऱ्या दोन कंपन्या मात्र नावापुरत्या निघाल्या. समूहाच्या लेखापरीक्षकाच्या नात्यातल्या आणि कार्यालयात शिपायाचं काम करणाऱ्या माणसांच्या नावांवर त्या काढलेल्या होत्या, असं न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांनी शोधून काढलं. काही सदनिका चौरस फुटाला १, ५ किंवा ११ रुपये दराने आरक्षित झालेल्याही सापडल्या. २३ जुलै २०१९ च्या निकालात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. उदय लळीत यांनी आम्रपालीची रेरा नोंदणी रद्द केली, अर्धवट इमारती पूर्ण करण्याचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीला दिलं आणि परकीय चलन कायद्याच्या भंगाचा तपास सक्तवसुली संचालनालयाकडे सोपवला. गुंतवणूकदार नफ्यासह बाहेर पडला तेव्हा तो नफा सामान्य माणसाच्या घराच्या हप्त्यांतून गेला होता, हे या निकालातून दिसलं. विकासक आणि गुंतवणूकदार यांच्यातला करार त्या दोघांचा खासगी मामला आहे, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आम्रपालीच्या मोकळ्या सांगाड्यांकडे पाहावं.

मोठ्यांच्या करारातल्या काही गोष्टी छोट्या गुंतवणूकदारालाही मागता येतात. पैसे प्रकल्पाच्या नोंदलेल्या खात्यातच भरायचे, मालकाच्या किंवा त्याच्या नातलगाच्या खात्यात नाही. रोखीने तर मुळीच नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला १ जून २०१५ पासून बंदी आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पण रोख देणाऱ्याचं नुकसान वेगळंच आहे, त्याच्या पैशाचा करारात मागमूस नसतो. जमीन विकासकाच्या नावावर आहे की त्याच्याकडे फक्त विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र आहे, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पाहून समजतं. करारावर सही कोण करतो आहे, कंपनी की त्या प्रकल्पासाठी उघडलेली रिकामी एलएलपी, हेही पाहायला हवं. वसुलीची वेळ आली की सही करणाऱ्याच्या मालमत्तेपुरतीच वसुली होते.

छापील कराराला हात लावता येत नाही, असं विक्री विभागातला मुलगा हमखास सांगतो. त्याला उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २ एप्रिल २०१९ चा निकाल सांगावा. गुरुग्राममधल्या एका प्रकल्पाच्या करारात खरेदीदाराचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज, आणि विकासकाने ताबा लांबवला तर त्याने द्यायचे ९ टक्के, तेही बराच काळ वाट पाहिल्यावर, अशी व्यवस्था होती. न्या. उदय लळीत आणि न्या. इंदू मल्होत्रा यांनी असा एकतर्फी करार म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं सांगून खरेदीदाराला तो बंधनकारक नाही, असं ठरवलं. कागदाला दिलेल्या नावाबाबतही तसंच आहे. २००८ मध्ये दिल्लीतल्या एका जमीनमालक आणि बिल्डरच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दस्ताच्या डोक्यावर ‘जॉइंट व्हेंचर’ लिहिलं म्हणून दोघं भागीदार होत नाहीत. ताबा कोणाकडे, निर्णय कोणाचे, नफा-तोटा कोणाच्या माथी, हे पाहावं लागतं. त्या खटल्यात जमीनमालक ग्राहक ठरला आणि ग्राहक मंचाचं दार त्याला उघडं झालं.

२०२५ च्या निकालात न्यायालयाने पुढच्या काळासाठी काही निर्देशही दिले. नव्या घराच्या किमतीच्या किमान २० टक्के रक्कम भरली, की तो व्यवहार स्थानिक महसूल यंत्रणेकडे नोंदवला गेला पाहिजे. रेराच्या आदर्श करारापासून बरीच फारकत घेणारा किंवा परतावा, पुनर्खरेदी अशी कलमं असलेला करार पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीशी होत असेल, तर त्या व्यक्तीला धोका समजला आहे असं महसूल अधिकाऱ्यासमोर केलेलं शपथपत्र त्याला जोडावं. वयाचा हा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेली माणसं या योजनांची सर्वांत सोपी गिऱ्हाइकं असतात, हे न्यायालयाने ओळखलं.

ज्यांच्या कपाटात असा करार आधीपासून पडून आहे, त्यांच्यासाठी घड्याळ चालू आहे. चेक वटला नसेल तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. पैसे परत मागण्याच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. ती संपण्याआधी विकासकाने सहीनिशी देणं मान्य केलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर आलं, तर त्याच बैठकीत किती रक्कम देणं आहे ते लेटरहेडवर लिहून, तारीख घालून, सही-शिक्क्यासह घ्यावं. करारात सदनिकेचा क्रमांक आणि ताब्याची तारीख असेल, तर महारेराकडे जावं. तिथे तक्रार ऑनलाइन दाखल होते. फक्त परतावाच लिहिलेला असेल, तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे एमपीआयडी कायद्याखाली काही होऊ शकतं का, हे वकिलाला विचारावं, आणि त्याच योजनेत अडकलेले आणखी लोक शोधून अर्ज एकत्र करावा.